एकाच डोंगरातली दोन माणसं

1857 च्या उठावात नाशिकच्या डोंगरातली नांगरधारी घरं दोन्ही बाजूंना वाटली गेली. भागोजी नाईक हा भिल्ल आधी नगरच्या पोलिसांत होता. 4 ऑक्टोबर 1857 रोजी सिन्नरजवळ नांदूर शिंगोटे इथं त्याच्या लोकांनी पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्रीला ठार केलं. डिसेंबरात कोळी-ठाकरांनी हरसूलचा बाजार लुटला आणि पेठच्या राजाला, भगवंतरावांना, इंग्रजांनी फासावर चढवलं.

त्याच सुमारास कॅप्टन नटॉलनं इंग्रजांसाठी उभारलेल्या पलटणीत महादेव कोळीच भरती झाले. गर्द हिरवं पागोटं, गर्द हिरवीच बंडी, गुडघ्यापर्यंत तांबडं धोतर, पायांत वहाणा. तंबू नाही, ओझ्याची जनावरं नाहीत. स्वयंपाकाची भांडी आपसात वाटून घ्यायची आणि शस्त्रं, शिधा अंगावर वागवत दिवसाला तीस-चाळीस मैल कडेकपारी तुडवायच्या! त्यांना गद्दार म्हणणं मला पटत नाही. डोंगरातल्या कोरडवाहू तुकड्यावर जगणाऱ्याला पगाराचं मोल कळतं.

नोव्हेंबर 1859 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या मिठसागरे इथं इंग्रज अधिकारी फ्रँक सूटरच्या तुकडीशी लढताना भागोजी पडला. मार्च 1861 मध्ये कोळी पलटण मोडली आणि त्यातले बहुतेक जण पुन्हा शेतीकडे, मजुरीकडे वळले.