क्रशर सुरू करण्याआधीची वीस मिनिटं

नागपुरात गिट्टीखदान म्हटलं की आज काटोल रोडची गर्दी आणि पोलीस स्टेशन आठवतं, पण नावातच धंदा आहे. आपलं शहर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व काठावर वसलंय, सीताबर्डीची टेकडीही त्याच दगडाची. आता क्रशर शहराबाहेर गेलेत, उमरेड रोडला पाचगावकडे गेलात की दिसतात. घराचा स्लॅब असो की ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, गिट्टीशिवाय काही उभं राहत नाही.

या धंद्यातल्या मालकाशी मेंटेनन्सचं बोलायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, मशीन बंद ठेवून धंदा कसा करायचा?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून आधी हिशेबच करू. समजा तुमचा प्लांट ताशी १०० टन माल काढतो. रोज अर्धा तास बंद ठेवला तर ५० टन गेले. महिन्याचे २५ दिवस धरा, १,२५० टन. आणि पट्टा तुटून चार तास बंद पडला तर गेले फक्त ४००. म्हणजे कागदावर मालकच जिंकला!

पण या हिशेबात दोन गोष्टी सुटतात. पहिली, रोजची तपासणी चालू उत्पादन थांबवून करायचीच नसते. ती सकाळी, पहिला टिपर हॉपरवर लागण्याआधी करायची असते. वीस मिनिटं आधी माणूस बोलवा, एवढंच. दुसरी, सगळे बिघाड चार तासांचे नसतात. मेन बेअरिंग गेलं की हायड्रा बोलवा, फ्लायव्हील उतरवा, बेअरिंग स्टॉकमध्ये नसेल तर बाहेरून मागवा. तीन दिवस गेले, रोज दहाच तास धरले, तरी ३,००० टन बुडाले. तोवर आरएमसी प्लांटवाला शेजारच्या क्रशरवर गेलेला असतो. तो परत येईलच याची खात्री कोण देणार?

म्हणून माझ्या मते जॉ क्रशरच्या रोजच्या तपासणीत पहिला मान बेअरिंगचा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ ग्रीसवरून होतो. बरेच ऑपरेटर बाहेर येईपर्यंत ग्रीस मारतात. जास्त मारलं म्हणजे जास्त काळजी घेतली, असं त्यांना वाटतं. पण बेअरिंगच्या पोटात ग्रीस कोंबलं की ते घुसळलं जातं आणि त्यानेच बेअरिंग तापतं. किती पंप मारायचे आणि किती तासांनी, ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. तो आकडा पेंटने मशीनवरच लिहून टाका. दुसरं म्हणजे निप्पल पुसल्याशिवाय ग्रीसगन लावायची नाही. निप्पलवर चुरी बसलेली असते. न पुसता दाबलं तर तुम्ही स्वतःच्या हाताने बेअरिंगमध्ये दगडाची पूड भरताय. ग्रीसचा डबा उघडा ठेवणाऱ्यालाही हेच सांगा.

तापमान रोज ठरलेल्या वेळी मोजा, मशीन लोडवर दोन-तीन तास चालल्यावर. हात लावून अंदाज घेऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४५ अंशांवर जाते, तेव्हा हाताला सगळंच गरम लागतं. इन्फ्रारेड गन घ्या. पण कोरोनात कपाळावर धरायचो ती नाही! ती साधारण ४३ अंशांच्या पुढे वाचतच नाही, कारखान्याची वेगळी मिळते. बेअरिंगच्या आकड्याशेजारी हवेचं तापमानही लिहा. हवा तितकीच, लोड तितकाच, आणि एका बाजूचं बेअरिंग तीन दिवसांत दहा अंशांनी चढलं, तर ते काहीतरी सांगतंय. दोन बाजूंमधला फरक अचानक वाढला, तरी तेच.

आता टॉगल प्लेट. एली व्हिटनी ब्लेक या अमेरिकन माणसाने १८५८ मध्ये जॉ क्रशरचं पेटंट घेतलं, तेही रस्त्याला लागणाऱ्या खडीसाठीच. त्याच्या मशीनमध्ये टॉगल होते आणि आज तुमच्या मशीनमध्येही टॉगल आहे. बहुतेक मशीनमध्ये ही प्लेट मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. पोकलेनच्या बकेटचा दात दगडासोबत आत गेला, तर आधी ती तुटावी आणि शाफ्ट, फ्रेम वाचावी म्हणून. तुटलेली टॉगल वेल्डिंग करून बसवणं किंवा "ही मजबूत आहे" म्हणून जाड प्लेट टाकणं म्हणजे घरच्या फ्यूजमध्ये जाड तार घालणं! रोज बघायचं ते एवढंच: टॉगल आणि तिची सीट घासली आहे का, टेन्शन रॉडची स्प्रिंग ढिली आहे का. तिथून खटखट आवाज यायला लागला की संध्याकाळची वाट बघू नका.

जॉ प्लेट मँगनीज स्टीलची असते. हे स्टील इंग्लंडच्या रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलं. त्याची गंमत अशी की मार खाऊन त्याचा पृष्ठभाग आणखी कडक होतो. पण प्लेट आवळणारे बोल्ट ढिले असतील तर तीच प्लेट मागच्या सीटवर आपटत राहते. मग प्लेटचा खर्च राहतो बाजूला, फ्रेमचं काम निघतं. नवी प्लेट बसवल्यावर पहिल्या काही तासांत बोल्ट परत आवळा आणि पुढे रोज तपासा. खालची बाजू जास्त झिजते, म्हणून उलटवता येत असेल तर वेळेत उलटवा.

बाकी फेरी भराभर होते. व्ही-बेल्ट ढिला आहे का, पूर्ण सेट सारखा आहे का (एकच बेल्ट नवा टाकला की सगळा ताण त्याच्यावर येतो), व्हायब्रेटरची जाळी फाटली का, कन्व्हेअरचा रोलर अडकलाय का, पाण्याचे नोझल चोंदलेत का. चाळीस एमएमचा दगड वीसच्या ढिगात दिसला तर आधी जाळी बघा.

हे सगळं करताना मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली तपासणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही. जबड्यात दगड अडकला की घण घेऊन वर चढायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती मोडा. वीज बंद असली तरी दाबात बसलेला दगड घाव बसताच उसळतो. रॉक ब्रेकरने फोडा, नाहीतर हायड्राने वर ओढा, माणूस आत नको. १९४८ चा कारखाना कायदा लिहिणाऱ्यांनीही हा धोका ओळखला होता. कलम २१ मध्ये फ्लायव्हीलला पक्कं कुंपण सांगितलं. कलम २२ मध्ये चालू मशीनला तेलपाणी करणारा माणूस खास शिकवलेला आणि घट्ट कपड्यांतला हवा, ते कपडे मालकाने द्यायचे, आणि त्याचं नाव रजिस्टरमध्ये हवं, असं लिहिलं. गळ्यातला गमछा बेल्टजवळ काय करतो, हे सांगायला नकोच.

त्या रजिस्टरमधली नावाची अट मला फार आवडते. "सगळ्यांनी लक्ष ठेवायचं" असं सांगितलं की कोणीच ठेवत नाही. दोनशे पानी वही घ्या. तारीख, तासांचं मीटर, डाव्या-उजव्या बेअरिंगचं तापमान, हवेचं तापमान, ग्रीसचे पंप, काय ढिलं सापडलं, आणि सही. तपासणाऱ्याला ब्रासच्या हिशेबाने पैसे देऊ नका, नाहीतर त्याचं लक्ष ढिगाकडेच राहणार. वही रोज तुम्ही स्वतः बघा आणि खाली तुमचीही सही करा. सलग आठ दिवस एकच आकडा दिसला, तर समजा की वही चहाच्या टपरीवर बसून भरली जातेय. मग गन घेऊन एकदा स्वतः बेअरिंगजवळ जा.