प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली हवा

शाळेच्या संगणक कक्षातला एखादा जुना संगणक सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडतो. थोडा वेळ थांबून सुरू केला की चालतो, आणि पुन्हा बंद पडतो. असा संगणक बहुधा ‘गेला’ म्हणून कोपऱ्यात ठेवला जातो आणि मुलांच्या वाट्याचा एक संगणक कमी होतो. पुष्कळदा बिघाड एवढाच असतो, की प्रोसेसरची उष्णता बाहेर पडत नाही. पंखा फिरत असेल, हीटसिंकच्या पात्यांत धूळ साचलेली नसेल, तर त्या दोघांच्या मधल्या पेस्टकडे पाहावे.

प्रोसेसरला दिलेली जवळजवळ सगळी विद्युत ऊर्जा शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. 1993 साली आलेल्या पहिल्या पेंटियमच्या बाबतीत ती फार तर 16 वॉटच्या आसपास होती. आज 65 वॉटचा प्रोसेसर नेहमीचा झाला आहे. घरातल्या इस्त्रीशी तुलना करून पाहू. 1000 वॉटच्या इस्त्रीचा तळ 200 चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला 5 वॉट पडतात. प्रोसेसरमधली सिलिकॉनची चिप 2 चौरस सेंटिमीटरची असेल आणि 100 वॉट उष्णता देत असेल, तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला 50 वॉट झाले. म्हणजे इस्त्रीच्या दहापट! तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले, की आजचा प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर बंद होतो.

ही उष्णता ओढून घेण्यासाठी त्याच्यावर तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे हीटसिंक बसवतात. धातूवर धातू घट्ट दाबून बसवला, मग मध्ये मलम कशाला? कारण डोळ्याला सपाट दिसणारे हे पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखे असतात. दोन्हींचे उंचवटे एकमेकांना टेकतात ते अगदी थोड्या जागी. उरलेल्या खळग्यांत हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400 (वॉट प्रति मीटर प्रति केल्विन) आहे, तर हवेची 0.026. पंधरा हजार पटींचा फरक!

आणि पेस्टची? साधारण 1 ते 10. म्हणजे तांब्याच्या मानाने पेस्ट अगदीच सामान्य वाहक आहे. ‘पेस्ट उष्णता छान वाहते, म्हणून भरपूर लावावी’ ही समजूत आम्ही अनेकांकडून ऐकली आहे. ती उलटी आहे.

थोडे गणित करू. प्रोसेसरचे धातूचे झाकण 9 चौरस सेंटिमीटरचे आहे, त्यातून 100 वॉट उष्णता जाते आहे आणि पेस्टची वाहकता 5 आहे असे धरा. थर 0.05 मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्याच्या दोन बाजूंच्या तापमानात सुमारे 1 अंशाचा फरक पडतो. हाच थर अर्धा मिलिमीटर झाला की 11 अंशांचा. आता पेस्टऐवजी फक्त 0.025 मिलिमीटर हवा आहे असे माना: फरक 100 अंशांच्या वर जातो! प्रत्यक्षात उंचवटे टेकलेले असल्याने तो इतका होत नाही, पण हवा किती महागात पडते ते यावरून दिसते. पेस्टने फक्त हवेची जागा घ्यायची. जिथे धातू धातूला टेकतो आहे तिथे मध्ये यायचे नाही.

ही पेस्ट म्हणजे बहुधा सिलिकोन तेलात कालवलेली झिंक ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड अशांची बारीक पूड. (जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरखालच्या अभ्रकाला लावलेले पांढरे मलम आठवते ना? तेच हे.) संगणक रोज तापतो आणि निवतो. त्याबरोबर धातू प्रसरण-आकुंचन पावतात, पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, तेल सुटते आणि मागे खडूसारखा कोरडा थर उरतो. त्याच्या भेगांत पुन्हा हवा शिरते.

पेस्ट बदलणे अवघड नाही. आधी संगणक काही मिनिटे चालवावा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. मग बंद करून वायर काढावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवावा. हीटसिंक सरळ वर ओढू नये, किंचित पिळून सोडवावे. काही प्रोसेसरना खाली टाचण्या असतात. ओढले तर तेही चिकटून सॉकेटमधून उपटून येतात आणि टाचण्या वाकतात. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड घेऊन पुसावेत. झाकणाच्या मध्यावर वाटाण्याएवढी पेस्ट ठेवावी, हीटसिंक सरळ टेकवावे आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी आवळली तर थर तिरका होतो. चांदीची पूड असलेली पेस्ट मदरबोर्डवर सांडू देऊ नये. तिच्यातून वीज वाहू शकते.

पेस्ट मध्यावरच का ठेवायची, हे वर्गात दाखवता येईल. कडा घासलेल्या दोन काचेच्या पट्ट्या आणि थोडी टूथपेस्ट घ्या. एकदा मध्यावर एकच ठिपका ठेवून दुसरी काच दाबा. एकदा चार-पाच ठिपके ठेवून. एकदा बोटाने ओबडधोबड फासून. एकच ठिपका पसरताना हवेला कडेकडे ढकलत जातो. बाकीच्या दोन प्रकारांत हवा कुठे अडकते, ते मुलांना काचेतून पाहून वहीत काढू द्या.