पेण-रोह्याची माणसे इस्रायलात



ठिबक म्हटले की आपल्याला इस्रायल आठवते. पण त्या देशात पेणकर, रोहेकर अशा आडनावांची मराठी घरे आहेत, हे आम्हालाही उशिराच कळले.

ही मंडळी बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. पेण, रोहा, अलिबाग भागात पिढ्यान् पिढ्या घाण्यावर तेल काढीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या काळात हजारो जण मुलाबाळांसह तिकडे गेले. बरेच जण बेरशेबा, दिमोना अशा रेताड मुलखात राहिले. कुठे कोकणचा पाऊस आणि कुठे ते वाळवंट! पोरे शाळेत हिब्रू लवकर शिकली, आईबापांना मात्र जड गेले. त्यातच लग्नाच्या वेळी तिथले धर्मगुरू त्यांच्या ज्यूपणाचीच चौकशी करू लागले. लोकांनी आंदोलन केले, तेव्हा १९६४ साली पूर्ण मान्यता मिळाली. मराठी मात्र त्यांनी सोडली नाही, आणि मलिद्याचे पोहे, गूळ, खोबरेही नाही.

आपल्या फडावर हंगामात टोळ्या येतात. त्यांच्या पोरांनाही आपला गाव परकाच असतो. तेव्हा तोड सुरू झाली की सभासदांनी कोपीवर एक चक्कर मारावी, शाळेच्या वयाची पोरे किती ते बघावे आणि गुरुजींना कळवावे. यादी गट ऑफिसात दिलीत तरी चालेल, पुढचे आम्ही बघू.