रुळांपाशी अडलेला झोका

वानराची उडी आपल्या ओळखीची आहे. मागच्या पायांचा रेटा, हवेत लांबवलेलं अंग, तोल सांभाळणारी शेपूट. आसामातल्या होलौंगापारच्या जंगलातला होलौ, म्हणजे हूलॉक गिबन, मात्र फांदीवरून नव्हे, फांदीखालून प्रवास करतो. भारतातला हा एकमेव कपी (एप). शेपूट त्याला नाहीच.

खालून का? पिकलेली फळं बहुधा फांदीच्या बारीक टोकांना असतात. ६ ते ९ किलोचं जनावर तिथं वर बसलं तर फांदी वाकते, फिरते आणि ते घसरतं. लोंबकळणाऱ्याचा तोल जाणार कुठे?

त्याचा देहच लोंबकळण्यासाठी घडलेला आहे. हात पायांहून कितीतरी लांब, बोटं आकड्यासारखी, अंगठा मनगटाकडे सरकलेला, त्यामुळे तो मध्ये येत नाही. खरं नवल मनगटाचं. आपल्या खांद्यात असतो तसा उखळीचा सांधा त्याच्या मनगटात आहे! पकड न सोडता सगळं अंग हाताभोवती गरकन फिरतं. झोका लंबकाचा: खाली येताना वेग मिळतो, वर चढताना तोच वेग उंचीत जमा होतो, त्यामुळे स्नायूंची मेहनत वाचते. घाई असली की दोन्ही हात सुटतात आणि आठ-दहा मीटरचं अंतर तो हवेतून कापतो. कधी पकड चुकतेही. शास्त्रज्ञ अॅडॉल्फ शुल्त्झ यांनी गिबनांचे सांगाडे तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश सांगाड्यांत मोडून पुन्हा जुळलेली हाडं आढळली. हे वाचल्यापासून मला तो झोका नुसता सुंदर वाटत नाही. त्यामागची जोखीमही दिसते.

जोरहाट जिल्ह्यातलं होलौंगापारचं हे अभयारण्य जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं, भोवती चहाचे मळे आणि मधून रेल्वे. रूळ आपण चार पावलांत ओलांडू. होलौ जमिनीवर क्वचितच उतरतो. वर फांद्या जुळल्या नाहीत, की त्याची वाट तिथंच संपते. वयात आलेला होलौ आईबापांचा इलाखा सोडून जोडीदार शोधायला निघतो, तेव्हा ही फट त्याला भिंतीसारखी आडवी येते. रेल्वेनं बांधलेला लोखंडी पूल होलौंनी स्वीकारला नाही. रुळांलगत झाडंही लावली गेली, दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींना भिडाव्यात यासाठी.