एडिटर गप्प झाला म्हणून दोन महिन्यांची मेहनत मिटवू नका

परवा ढाणकीतला आमचा एक माजी विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन आला. दहावीच्या मुलांसाठी उर्दू आणि मराठीत प्रश्नसंच बनवायचं काम तो करतोय. दोन महिन्यांची मेहनत. चेहरा उतरलेला. "सर, एडिटरमध्ये जुनं काहीच दिसत नाही. ते लपलेलं गिटचं फोल्डर डिलीट करून नव्यानं सुरू करू का?" आम्ही म्हटलं, "बेटा, थांब. आधी बघू तर दे."

आपली बरीच मुलंमुली आता हे काम शिकत आहेत, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितोय.

गिट ही बदलांची नोंदवही. लिनस टोर्वाल्ड्स यांनी ती 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवली. कोणी, कधी, काय बदललं हे सगळं 'डॉट गिट' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये राहतं. व्हीएस कोडमधलं गिटलेन्ससारखं प्लगिन ती वही फक्त उघडून दाखवतं. प्लगिन बंद पडलं तर खिडकी बंद झाली, वही जळाली नाही. पण ते फोल्डर डिलीट केलं, तर वहीच गेली.

पहिलं काम : संपूर्ण फोल्डरची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मग टर्मिनलमध्ये त्या फोल्डरमध्ये जाऊन 'गिट स्टेटस' ही कमांड द्या. नीट उत्तर आलं तर दोष प्लगिनचा किंवा एडिटरचा. चूक दाखवली तर दोष त्याखाली आहे. अशा वेळी प्लगिन दहा वेळा काढून घातलं तरी फायदा नाही.

कमांडच सापडत नाही : त्या कॉम्प्युटरवर गिट इन्स्टॉल नाही, किंवा त्याचा पत्ता सिस्टिमला माहीत नाही. गिट टाका आणि एडिटर बंद करून पुन्हा उघडा.

मालकीबद्दल शंका : आमच्या विद्यार्थ्याचं दुखणं हेच निघालं. एप्रिल 2022 मध्ये आलेल्या 2.35.2 आवृत्तीपासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरवर काम करत नाही. कारण साधं आहे. सामायिक कॉम्प्युटरवर कोणी आपलं गिट फोल्डर पेरून ठेवलं, तर त्यातल्या सेटिंगमधून भलत्याच कमांड चालू शकतात. पेनड्राइव्ह बहुतेक फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. त्यांत मालकाची नोंदच नसते, म्हणून गिट नकार देतं आणि प्लगिन गप्प बसतं. उपाय दोन : फोल्डर कॉम्प्युटरच्या डिस्कवर कॉपी करून तिथून उघडा, किंवा 'सेफ डिरेक्टरी' या सेटिंगमध्ये फक्त तेवढ्याच फोल्डरचा पत्ता द्या. तारांकन टाकून सगळ्यांनाच परवानगी देऊ नका.

सगळ्याच ओळी बदललेल्या दिसतात : विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवतं, लिनक्स एकच. घरी एक आणि शाळेत दुसरं असेल तर हा गोंधळ होतो. 'गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइलमध्ये 'टेक्स्ट ऑटो' लिहून ठेवलं की तो थांबतो.

बदल दिसत नाही, तरी खूण येते : उर्दू लिहिणाऱ्यांनी इकडे जरूर लक्ष द्यावं. उर्दू कीबोर्डची 'ये' आणि अरबी कीबोर्डची 'ये' शब्दाच्या मध्ये अगदी सारखी दिसते, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. 'काफ'चंही तसंच. दोघांनी दोन कीबोर्ड वापरले तर गिट त्याला बदलच मानणार, आणि त्याचं बरोबर आहे. सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवून घ्या.

गिट ठीक, तरी प्लगिन गप्प : सगळी एक्स्टेन्शन बंद करा, मग एकेक चालू करून बघा. भांडण कोणाचं आहे ते कळतं. 'आउटपुट' खिडकीत गिटचा मजकूरही वाचा. तिथे कारण बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं.

आमच्या विद्यार्थ्यानं फोल्डर डिस्कवर कॉपी केलं, एडिटर उघडला, आणि दोन महिन्यांच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी दिसल्या. मुलांनो, स्क्रीनवरचा लाल मजकूर बघून घाबरू नका. आधी तो वाचा. समजला नाही तर कोणाला तरी विचारा, पण डिलीटच्या बटणाला हात लावू नका.