चेंडू उजवीकडे का पळतो?

गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर थोडा वेळ थांबलं तरी एक फटका हमखास दिसतो: चेंडू नीट निघतो आणि मध्येच उजवीकडे वळतो. हा स्लाइस! उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी गोल्फरांचं जुनं दुखणं.

बरेच जण मग डावीकडे नेम धरतात आणि दुखणं वाढतं. चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः क्लबच्या तोंडाची दिशा ठरवते. हवेत तो किती वळणार, हे तोंड आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या कोनावर अवलंबून असतं. डावीकडच्या नेमाने हा कोन बहुधा आणखी रुंदावतो. शिवाय क्लब-चेंडूचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. तेव्हा मनगट सावरायला वेळच नसतो. दुरुस्ती आधीच, पकडीत आणि उभं राहण्यात करावी लागते.

दिग्गज गोल्फर बेन होगनला उलट दुखण्याने, हुकने, म्हणजे डावीकडच्या वळणाने, छळलं होतं. पकड बदलून, अफाट सराव करून त्याने ते मोडलं. १९४९च्या भीषण मोटार अपघातानंतरही १९५०ची यूएस ओपन त्यानेच जिंकली.

सरावासाठी सात नंबरचं आयर्न उत्तम. लक्ष्यरेषेला समांतर एक काठी पायांपुढे ठेवावी, चेंडू सावकाश मारावेत.

रेंजवरच्या मॅटपासून मात्र सावध! क्लब चेंडूच्या मागे टेकला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तोच क्लब मातीत रुततो.