किरकिरणाऱ्या कॅसेटमधला संगणक

'झेडएक्स स्पेक्ट्रम' वापरलेल्यांना त्याची आठवण डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त येते. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या या ब्रिटिश संगणकाचे प्रोग्रॅम चक्क गाण्यांच्या साध्या कॅसेटवर मिळत. टेपरेकॉर्डर जोडायचा, 'लोड'चा आदेश द्यायचा, 'प्ले' दाबायचं आणि ती कर्कश किरकिर ऐकत बसायचं.

त्या किरकिरीतच सारी माहिती होती. आधी काही सेकंद एकसुरी शिट्टी. तिच्यावरून संगणक टेपशी ताल जुळवून घेई. मग 'शून्य'साठी आखूड लहर आणि 'एक'साठी त्याच्या बरोबर दुप्पट लांबीची. वेग सेकंदाला सरासरी सुमारे १,५०० बिट, म्हणजे ४८ किलोबाइटची मेमरी भरायला चार मिनिटांहून अधिक. दरम्यान पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे थरथरत. शेवटी पडताळणीचा एक बाइट येई. तो जुळला नाही, की पुन्हा पहिल्यापासून!

एवढं सोसूनही लोक त्यावर जीव टाकत, आणि मला त्याचं खरं कारण त्याच्या १६ किलोबाइटच्या रॉममध्ये दिसतं. ऑपरेटिंग सिस्टीम आणि बेसिक भाषा त्या एका चिपमध्ये एकत्र नांदत. वीज जोडताच संगणक तयार, आणि समोर थेट प्रोग्रॅम लिहायची जागा. खेळणारं मूल त्यामुळे सहज खेळ लिहू लागे. ब्रिटनमधल्या कित्येक गेम-निर्मात्यांची सुरुवात अशीच झाली.

भारतातही 'डेसिबेल्स' कंपनीने 'स्पेक्ट्रम प्लस' परवान्यावर बनवला होता.